थांबा दाजी, हलू नका

माणसांना ताटकळत ठेवण्यात माझ्या मेहुण्याचा हात धरणारा माणूस शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांत मिळून सापडायचा नाही. दवाखान्यातही माणूस ताटकळतो, पण तिथे बसायला निदान बाकडं असतं. मेहुणा माणसाला जिथे असेल तिथे, जसा असेल तसा उभा करतो. हातात छोटा कॅमेरा आणि तोंडात एकच वाक्य, “थांबा, हलू नका.” मग तो एक डोळा मिटतो, मग दुसरा मिटतो, मग दोन पावलं मागे जातो, ढगाकडे बघतो, पुन्हा पुढे येतो. तोवर समोरच्याच्या चेहऱ्यावरचं हसू वाळून गेलेलं असतं. म्हणून त्याने काढलेल्या फोटोंत सगळी माणसं कोर्टात उभी केल्यासारखी दिसतात.

मी आणि माझ्या बायकोने मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे वालाच्या ओल्या शेंगा सोलणं. त्यातही तो कडमडलाच. आमचं घर धसईच्या बाजूला. गेल्या वर्षी वाल तयार झाले तेव्हा ती आणि मी खळ्यात पोतं अंथरून बसलो होतो, मध्ये टोपली. मेहुणा पहिल्या गाडीने शेंगा न्यायला आला आणि आल्या आल्या म्हणाला, “बाय, हलू नको गो. दाजी, तुमी पन. जोडीचा काढतो.” झालं. एक डोळा, दुसरा डोळा, ढग. माझे गुडघे दुखायला लागले. मी उठलो. ती म्हणाली, “अवो, बसा ना जरा. एवढा लांबून आलाय तो.” मी म्हणालो, “तुझ्या भावाला सांग, पुढल्या वर्षाच्या शेंगांना येतो म्हनावं फोटोत.” आणि म्हशीला पाणी दाखवायला निघालो. माझ्या मागे ती हसली. मोठ्याने हसली, आणि तेवढ्यात कॅमेरा वाजला. मी काही वळून पाहिलं नाही. आठवडाभराने ती गेली. पहाटे छातीत कळ आली, मुरबाडला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

मी चौथी शिकलेला माणूस आहे, मला गोल गोल लिहिता येत नाही. मला ते हसू बघायचं होतं. ते दोन ठिकाणीच होतं. एक तिच्या चेहऱ्यावर, तो आता नाही. दुसरं मेहुण्याच्या कॉम्प्युटरात. म्हणून मेहुण्याबद्दल लिहितो आहे, नाहीतर त्याच्याबद्दल लिहावं असा तो काही कोणी मोठा माणूस नाही.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. भातसानगरला धरणावर नोकरीला होता. रोज सकाळी धरणाच्या पाण्याची पातळी बघायची आणि वहीत लिहायची, हे त्याचं काम. ते त्याने निवृत्त होईपर्यंत केलं आणि निवृत्त झाल्यावरही सोडलं नाही. सरकारने घरी बसवलं, तर याने धरणाच्या रस्त्यालाच घर बांधलं. रोज सकाळी चहा पिऊन फाटकापर्यंत चालत जायचा आणि ड्यूटीवरच्या माणसाला विचारायचा, “आज किती?” तो आकडा सांगायचा, हा खिशातल्या वहीत लिहायचा. मुंबईला पाणी कमी पडू नये याची काळजी मुंबईवाल्यांना नसेल एवढी याला. फोन केला तर जयभीम म्हणायच्या आधी पातळी सांगणार. एकदा माझी बायको तापाने फणफणली होती म्हणून मी त्याला कळवलं, “ताप एकशे तीन आहे.” तर हा पलीकडून म्हणतो, “काल किती होता? म्हंजे चढती हाय का उतरती, ते कळल.”

त्याला तारखा लक्षात राहत नाहीत, पातळ्या राहतात. आमच्या मुलीचं लग्न कधी झालं विचारा, म्हणेल, “एकशे एकोनतीस पॉइंट चाळीस. उतरती होती.” निवृत्तीच्या दिवशी बरोबरच्या माणसांनी त्याला कॅमेरा भेट दिला, तेव्हापासून हा आजार फोटोंनाही लागला. प्रत्येक फोटोला नाव त्या दिवसाच्या पातळीचं. घरातले जुने छापील फोटो होते, तेही त्याने कॅमेऱ्याने पुन्हा काढून ठेवले आणि आठवून आठवून, जुन्या वह्या बघून, त्यांनाही पातळ्या दिल्या. आमच्या लग्नाचा एकच फोटो आहे. तेव्हा धरणच झालं नव्हतं. मग त्याने त्याचं नाव ठेवलं ‘पातळी शून्य’. मी म्हणालो, “अरे मेल्या, लग्नाच्या फोटोला शून्य?” माझी बायको म्हणाली, “बरोबर हाय की. तितनंच भरायला लागलं.” तिला तिच्या भावाचं सगळंच बरोबर वाटायचं.

आणखी एक खोड सांगतो, कारण पुढे त्या खोडीनेच घोळ घातला. कॅमेऱ्याची बॅटरी उतरू नये म्हणून हा एक फोटो काढला की बॅटरी बाहेर काढून ठेवतो, बायकोच्या कुंकवाच्या जुन्या डबीत. बॅटरी काढली की कॅमेऱ्यातली तारीख पुसली जाते आणि तो बिचारा पुन्हा आपल्या जन्माच्या वर्षीच्या एक जानेवारीला जाऊन बसतो. मेहुण्याला त्याचं काही नव्हतं. “तारीख कशाला? पातळी लिवतो ना मी.” म्हणजे त्या कॅमेऱ्याच्या हिशेबाने आमच्या घरातली सगळी लग्नं, बारशी, भातलावणी, झोडणी, आजारपणं, सगळं एकाच एक जानेवारीला उरकलेलं. पंधरा दिवसांनी कॅमेरा भरला की सगळे फोटो कॉम्प्युटरात घालायचे आणि कॅमेरा रिकामा करायचा. “भरलं की सोडायचं, नायतर भिंतीवर ताण येतो,” असं तो म्हणायचा. कॉम्प्युटर त्याच्या मुलीने दिलेला, तिचा जुना.

तर यंदा वाल पुन्हा तयार झाले आणि तिचा पहिला स्मृतिदिन जवळ आला. भिंतीवर तिचा फोटो आहे तो आधार कार्डावरचा, मोठा करून घेतलेला. त्या वेळी घाईत दुसरा मिळाला नाही. त्यात ती अशी बघते जणू मी तिची कोंबडी विकून आलो आहे. बुद्धवंदनेला लोक येतील, त्यांच्यासमोर पुन्हा तोच ठेवायचा का? मी मेहुण्याला फोन केला. म्हणालो, “खळ्यातला फोटो पाहिजे. ती हसली तो.” त्याने पातळीही सांगितली नाही. मग म्हणाला, “काढतो दाजी.”

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन, “दाजी, पत्र आलंय.” कसलं पत्र, तर कॉम्प्युटरवर चौकट आली होती की नवीन आवृत्ती आली आहे, घालून घ्या. मी म्हणालो, “मग? नको म्हन ना.” तर म्हणाला, “असं कसं? वरनं लेखी आलंय.” याचा सगळा जन्म सरकारी नोकरीत गेला. वरून लेखी आलं की गेट उघडायचं, लेखी आलं की बंद करायचं, आपण डोकं चालवायचं नाही. चालवलं नाही. ‘होय’वर बोट ठेवलं. कॉम्प्युटर अर्धा दिवस बंद पडून उघडला, नवा कोरा झाला, आणि फोटोंवर बोट ठेवलं तर दुसरी चौकट. फोटो लायब्ररी जुनी आहे, नव्या आवृत्तीसाठी अपग्रेड करावी लागेल, काम चालू असताना मध्येच थांबवू नका. येईल त्याला थांबा थांबा म्हणणाऱ्या माणसाला कोणीतरी थांबवू नका म्हणालं, याचं मला बरं वाटलं असतं. पण आत माझी बायको होती.

त्या दिवशी त्याने मला तासातासाला फोन केला. फक्त आकडा सांगायचा आणि ठेवायचा. “दाजी, अकरा.” “दाजी, अकराच.” “दाजी, सतरा, चढती हाय.” मी म्हणालो, “अरे, फोटो राहतील का जातील ते सांग.” तो म्हणाला, “ते खालच्या मानसाला कळत नाय दाजी. आपन पातळी लिवायची.” दुसऱ्या दिवशी पहाटे चौतीस झाले, तशी मी पिशवी उचलली. म्हैस शेजारी सांगून ठेवली, धसईहून मुरबाडची गाडी धरली, मुरबाडहून शहापूर, तिथून रिक्षा. बायको गेल्यापासून मी त्याच्या घरी गेलो नव्हतो. मी चिडका माणूस आहे आणि त्याचा चेहरा तिच्यासारखा आहे. नाकापासून खाली तर हुबेहूब.

घरात शिरलो तर सुतक असल्यासारखी शांतता. कॉम्प्युटर टेबलावर, समोर मेहुणा खुर्चीत, हातात वही. वहीत रकाने पाडलेले, वेळ, टक्के, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात प्रत्येक ओळीला ‘स्थिती सामान्य’. फ्रीज बंद, पंखा बंद, टीव्हीची पिन काढलेली, व्होल्टेज पडायला नको म्हणून. त्याची बायको मागच्या पडवीत पाट्यावर चटणी वाटत होती, कारण मिक्सरला मनाई. मला बघून म्हणाली, “बरं झालं आलात भावजी. कालपासनं मला झाडू पन मारू देत नायत. म्हनं धक्का बसल.”

“बसल तर काय होईल?” मी विचारलं.

“मला काय म्हाईत? त्यांना तरी कुटं म्हाईत हाय?”

मी त्याच्या शेजारी बसलो. दोन म्हातारे एका पट्टीकडे बघत होतो. निळी पट्टी, मुंगीच्या पावलाने सरकणारी. साठ झाली, सत्तर झाली. तो दर वेळी उठून चष्मा पुसायचा, वाकायचा, आकडा मोठ्याने म्हणायचा, लिहायचा. मला हसूही येईना आणि रागही येईना. वर्षभर मला असंच झालं आहे. दमायला काही काम लागत नाही. भाकरी थापायला बसलो की दमतो, माणूस भेटायला आला की दमतो. मी भिंतीला टेकून बसलो आणि तो आकडे सांगत राहिला, आणि खोटं कशाला बोलू, त्या आवाजाने बरं वाटत होतं. माझी बायको होती तेव्हा याचा फोन तिनेच उचलायचा असायचा. पलीकडून हा आकडा सांगायचा, अलीकडे ती “हां रे, हां रे” करायची. तिला त्या आकड्यांतलं काही कळत नव्हतं.

नव्व्याण्णवला पट्टी अडकली. दुपारचं जेवण झालं, तरी नव्व्याण्णव. मेहुण्याने पहिल्यांदा शेरा बदलला. ‘स्थिती’ एवढंच लिहिलं आणि पेन उचललं.

“बंद करून चालू कर,” मी म्हणालो.

“लेखी हाय दाजी, थांबवू नका म्हनून.”

“तुझ्या लेखीच्या नानाची! फोटो गेले म्हंजे?”

“गेट पन शेवटल्या फुटाला अडतं,” तो म्हणाला. “तवा कोनी हात लावायचा नसतो. नुस्तं हुभं ऱ्हायचं.” पण वही त्याने उलटी धरली होती. मग मला कळलं की आपण एकटेच घाबरलेलो नाही.

चारच्या सुमाराला पट्टी गेली आणि पडदाभर फोटो आले. आले ते कसे आले? नवीन आवृत्तीने पातळ्यांची नावं आत कुठेतरी लपवली आणि सगळे फोटो तारखेने लावले. तारीख तर सगळ्यांची एकच, एक जानेवारी. लहान चौकोनांचा नुसता चिखल. मुलीच्या लग्नाशेजारी कोणाचं तरी बारसं, त्याच्याशेजारी धरणाचं गेट, गेटाशेजारी माझी बायको भात झोडताना, मग पुन्हा गेट. कुठे ती तिशीची, त्याच्याखाली साठीची, त्याच्याखाली पोर कडेवर. तिचं सगळं आयुष्य एका दिवसात उरकल्यासारखं.

मेहुणा म्हणाला, “घाबरू नका. वर शोधायची जागा हाय. पातळी टाकली की तो दिवस येतो.” त्याने मला दाखवलंही. शून्य टाकलं, आमचं लग्न आलं. ती सोळा-सतरा वर्षांची, मी बाजूला खांबासारखा.

“मग टाक ना त्या दिवसाची,” मी म्हणालो.

त्याने हात मांडीवर ठेवले.

“टाक की.”

“नाय म्हाईत.”

मला वाटलं चेष्टा करतो. पस्तीस वर्षांपूर्वीच्या बारशाची पातळी सांगणारा माणूस. पण तो माझ्याकडे बघत नव्हता. म्हणाला, “त्या दिशी मी पयल्या गाडीनं तुमच्याकडं आलो. फाटकाशी गेलोच नाय. म्हटलं, मागाहून इचारून लिवीन. तितनं शेंगा द्यायला पोरीकडं गेलो, तितंच ऱ्हायलो. मग आठ दिसांनी बाय गेली. परत नाय गेलो इचारायला.”

“परत म्हंजे?”

“म्हंजे गेलोच नाय. वही तितंच हाय.”

त्याची बायको दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, “भावजी, तो फोटो कॉम्प्युटरात घातल्यापासनं त्यांनी वर्षभर कॅमेऱ्यात बॅटरी नाय घातली.”

खरंच, वर्षभर मला कोणी थांबवलं नव्हतं. दिवसकार्याला तो आला होता, माझ्या मुलीच्या घरी आला होता, आणि एकदाही एक डोळा मिटला नव्हता. माझ्या ते ध्यानातही आलं नव्हतं. मी आपल्याच दुःखाला घेऊन बसलो होतो. तिचा भाऊही होता, हे विसरलो.

मग आम्ही एकेक फोटो बघायला लागलो. दुसरा इलाज नव्हता. तो बोटाने वर सरकवायचा, मी नाही म्हणायचो. गेट, नाही. भिंत, नाही. ती पदराने तोंड झाकून, नाही. ती पाठमोरी, चुलीशी, नाही. बहुतेक फोटोंत ती कंटाळून दुसरीकडेच बघत होती, कारण भाऊ ढग बघत होता. उजेड कलला तेव्हा तो सापडला. कुठे, तर ‘पातळी शून्य’च्या अगदी शेजारी. कॅमेऱ्याच्या एक जानेवारीने तिचा पहिला आणि शेवटचा फोटो एकमेकांना लावून ठेवला होता.

खळं, पोतं, टोपली. मध्ये ती. मान वर केलेली, तोंड उघडं, पुढचा पडलेला दात दिसतो आहे, हातातली शेंग अर्धी सोललेली. हसते आहे. कॅमेऱ्याकडे बघत नाही, डावीकडे बघते आहे. आणि डावीकडे, फोटोच्या अगदी कडेला, एक भेगाळलेली टाच आणि लुंगीचं टोक. बाहेर निघालेलं.

मी किती वेळ बघत होतो कोणास ठाऊक. तेवढा वेळ मी तिथे खळ्यात बसलो असतो तर.

मेहुण्याने त्या टाचेवर बोट ठेवलं. “दाजी, टाच कापून टाकू? वंदनेला लोक येतील, बरं नाय दिसनार.”

“हात लावशील तर बघ,” मी म्हणालो.

“नाय लावत.” मग तो म्हणाला, “नाव काय देऊ पन याला?”

त्याच्या बायकोने फ्रीजची पिन लावली. तो घरघरायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर उठलो. मेहुणा पांघरूण घेऊन पडला होता. मी त्याला पायाने ढोसलं आणि म्हणालो, “ऊठ. वही घे. त्या दिवसाची पातळी इचारून येऊ.” तो उठून बसला आणि माझ्याकडे बघत राहिला. जन्मभर मी त्या पातळ्यांची टिंगल केली होती. म्हणाला, “खरंच?” मी म्हणालो, “आता तू पन मला ताटकळत ठेवनार का?” फाटकावर ड्यूटीवरचा माणूस त्याला बघून खुर्चीतून उठलाच. “काका! वरीस झालं, कुटं व्हता?” मेहुण्याने दिवस सांगितला. त्याने आतून जुनी वही आणली, बोट फिरवत पान काढलं आणि आकडा वाचला. मेहुण्याने तो दोनदा म्हटला, मग लिहिला. मी विचारलं, “चढती का उतरती?” तो म्हणाला, “उतरतीच दाजी. त्या दिसांत उतरतीच असते.” मग आजचीही विचारली आणि तीही त्याच्याखाली लिहिली.

परत निघालो तर तो मागे राहिला. मी वळून पाहिलं. त्याने खिशातून कॅमेरा आणि कुंकवाची डबी काढली होती आणि बॅटरी कॅमेऱ्यात घालत होता. “थांबा दाजी,” तो म्हणाला, “हलू नका.” त्याने एक डोळा मिटला, मग दुसरा. दोन पावलं मागे गेला. ढग नव्हताच, तरी वर बघितलं. मुरबाडची गाडी चुकणार होती, घरी शेंगा तोडायच्या होत्या, उन्हाने डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं, गुडघे दुखत होते. मी हललो नाही.